मेंदूच्या बायपासमध्ये शीर आवळू नये म्हणून लावायची औषधं

बायपास म्हटलं की कोल्हापुरात आधी हृदयच आठवतं, पण मेंदूचाही बायपास होतो. कानाच्या पुढं बोट ठेवल्यावर जी शीर उडताना लागते तीच सोडवून घेतात, कवटीला खिडकी पाडतात आणि मेंदूवरच्या साधारण १ मिलिमीटरच्या शिरेला मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक दोऱ्यानं टाचतात. मेंदूचे सर्जन यासारगिल यांनी हे १९६७ साली झुरिचला केलं, आणि आज मोयामोया या आजारात, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या शिरा हळूहळू बंद होत जातात त्यात, याचा मोठा आधार आहे.

अडचण अशी की शीर ओढली, चिमटली की ती आवळते. तालमीत जोर मारताना पोटरीत गोळा येतो ना, तसाच गोळा शिरेच्या भिंतीतल्या स्नायूला येतो, आणि शीर निम्म्यावर आली तर रक्त निम्मं नाही, हिशोबानं सोळाव्या हिश्श्यावर येतं, मग टाक्याजवळच गुठळी धरायची भीती.

पॅपाव्हरिन हे जुनं औषध, १८४८ साली अफूतनं वेगळं काढलेलं, पण नशा आणणारं नाही. कापसावर घेऊन शिरेवर ठेवलं की शीर सैल पडते. मात्र ते आम्लधर्मी आहे, हेपारिनमध्ये, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधात, मिसळलं तर साका धरतो आणि असर फार टिकत नाही. निकार्डिपिन आणि व्हेरापामिल स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाहीत म्हणून गोळा सुटतो. नायट्रोग्लिसरीन झटकन लागू पडतं, तसंच उतरतं, म्हणून मनगटातनं काढलेली शीर वापरायची असेल तर व्हेरापामिल आणि नायट्रोग्लिसरीन एकत्र करून लावायची हृदयाच्या सर्जनची पद्धत आहे. मेंदूत रक्तस्राव झाल्यावर २१ दिवस देतात ती निमोडिपिनची गोळी वेगळ्या कामाची, रक्तस्रावानंतरचा शीर आवळण्याचा स्पॅझम काही दिवसांनी येतो.

या औषधांची तुलना करताना नुसतं शीर किती फुलली एवढंच बघून चालत नाही असं मला ठामपणे वाटतं, कारण यातलं बहुतेक औषध रक्तात गेलं की बीपी पाडतं, आणि मोयामोयाच्या पेशंटचा मेंदू आधीच कमी रक्तावर तगलेला असतो, तिथं बीपी पडलं तर ऑपरेशन टेबलावरच मेंदूचा झटका (स्ट्रोक) येऊ शकतो. म्हणून शिरेवर बाहेरनं, मोजकं लावणं बरं. भूलतज्ज्ञानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरू न देणं हेही तितकंच मोठं काम, तो कमी झाला की मेंदूच्या शिरा आपोआप आवळतात.

पॅपाव्हरिन डोळ्याच्या नसेपर्यंत पोचलं तर एक बाहुली काही तास मोठी दिसते. आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांना हे आधीच सांगून ठेवायला पाहिजे, आणि रात्रपाळीच्या सिस्टरलाही. तरी बाहुली मोठी दिसली की औषधानंच असेल म्हणून सोडायचं नाही, डॉक्टरला लगेच बोलवायचं.