‘इंडियन समर’ म्हणजे ऑक्टोबर हीट नव्हे

‘इंडियन समर’ हा इंग्रजी शब्दप्रयोग वाचताच मराठी वाचकाला भारतातला उन्हाळा आठवतो; आणि तो ऑक्टोबर-नोव्हेंबरातील उबेविषयी आहे असे कळले, की ही आपलीच ऑक्टोबर हीट असावी असे त्याला वाटू लागते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

येथील ‘इंडियन’ म्हणजे उत्तर अमेरिकेचे मूळ रहिवासी. न्यूयॉर्क प्रांतात शेती केलेल्या क्रेव्हकर या फ्रेंच लेखकाच्या १७७८ सालच्या लिखाणात हा प्रयोग आढळतो. कडाक्याचे दहिवर पडून गेल्यावर आणि जाड बर्फ पडण्याआधी धुरकट, सौम्य हवेचे जे थोडे दिवस येतात, त्यांना हे नाव असल्याचे तो सांगतो. नाव का पडले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही: कोणी मूळ रहिवाशांच्या शिकारीच्या हंगामाकडे बोट दाखवतात, तर कोणी त्यांनी गवताला लावलेल्या आगींच्या धुराकडे. हिंदी महासागरातील जहाजांशी त्याचा संबंध जोडणारी कथाही सांगितली जाते. परंतु हा प्रयोग प्रथम अमेरिकेच्या शेतशिवारात भेटतो, हे पाहता ती मला मुळीच पटत नाही.

त्या दिवसांत हवेचा जास्त दाबाचा पट्टा एका जागी रेंगाळतो, वारा पडतो, आकाश निरभ्र राहते. दुपारी ऊब असते, रात्री मात्र गारठा असतो. ऑक्टोबर हीटचे कारण अगदी वेगळे आहे. मोसमी पाऊस परतू लागतो (मुंबईतून त्याच्या माघारीची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे), ढग हटून ऊन थेट पोहोचते, पण जमिनीत आणि हवेत ओलावा भरपूर असल्यामुळे घाम वाळत नाही आणि जीव कासावीस होतो.

म्हणूनच एकाची लोक वाट पाहतात आणि दुसरी कधी सरते याची. इंग्रजीत ‘इंडियन समर’ला लाक्षणिक अर्थ मिळाला तो याच सुखद अनुभवातून: उतारवयात अनपेक्षितपणे लाभलेला यशाचा, प्रेमाचा किंवा निर्मितीचा बहर. एखाद्या वृद्ध गायकाविषयी तो वापरलेला असेल, तर मराठीत ‘उत्तरायुष्यातील बहर’ असेच लिहावे. ‘भारतीय उन्हाळा’ लिहिल्यास त्या गायकाच्या वाट्याला बहराऐवजी काहिली येते.