गुंठेवारी नियमितीकरणाचा अर्ज: फाइल नेमकी कुठे अडते

गुंठेवारीत घर असलेल्या माणसाकडे साधारणपणे तीन कागद असतात: नोटरी केलेलं साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार), घरपट्टीची पावती आणि लाइटबिल. एवढ्यावर तो पंधरा-वीस वर्षं निर्धास्त राहिलेला असतो. नियमितीकरणाचा अर्ज घेऊन तो पालिकेत जातो आणि पहिल्याच टेबलावर त्याला कळतं की यातला एकही कागद मालकीचा पुरावा नाही. तिथून हेलपाटे सुरू होतात. बहुतेक अर्ज ठरावीक चार-पाच ठिकाणीच अडतात, आणि त्यातल्या बऱ्याच अडचणी अर्ज टाकण्याआधी सुटण्यासारख्या असतात. म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो.

आधी कायदा थोडक्यात. महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम २००१ साली आला. खासगी मालकीच्या शेतजमिनीचे परवानगी न घेता गुंठा-गुंठा तुकडे पाडून विकले गेले, त्यावर घरं उभी राहिली. असे भूखंड आणि घरं शुल्क घेऊन नियमित करायची आणि त्या वस्तीत रस्ते, पाणी, गटार आणायचं, हा त्याचा हेतू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. सांगली आणि छत्रपती संभाजीनगर इथे अशा वसाहतींनी शहराचे भागच्या भाग व्यापले आहेत.

नावातल्या ‘श्रेणीवाढ’ या शब्दाकडे कुणी लक्ष देत नाही, पण सामान्य रहिवाशाच्या दृष्टीने खरं महत्त्व त्याला आहे. मंजूर रेखांकन (भूखंड आणि रस्ते दाखवणारा नकाशा) नसलेल्या वस्तीत रस्त्याचं किंवा गटाराचं काम धरायला पालिकेचे अभियंते कचरतात, कारण रस्त्याची जागा कागदोपत्री पालिकेची नसते. ती अजून मूळ शेतकऱ्याच्या सातबारावर असते. शहराला नगरोत्थानसारख्या योजनेतून राज्याचा निधी मिळाला तरी ही गल्ली यादीबाहेर राहू शकते. म्हणजे या अर्जावर तुमच्या घराबरोबर दारासमोरचं गटारही अवलंबून आहे.

तारीख: सगळ्यात जास्त गोंधळ इथेच

मूळ कायद्यात १ जानेवारी २००१ ही तारीख होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० झाली. ही तारीख अर्ज करण्याची नाही. भूखंड पाडलेला असण्याची आणि घर बांधून झालेलं असण्याची ती तारीख आहे. ‘२०२० ची मुदत तर कधीच संपली’ असं समजून पात्र माणसं घरी बसतात, आणि २०२२ साली घर बांधलेली माणसं पालिकेने अर्ज मागवल्याची बातमी वाचून रांगेत उभी राहतात. दोघांचंही नुकसान होतं.

अर्ज स्वीकारण्याची मुदत पालिका स्वतंत्रपणे जाहीर करते आणि अनेकदा वाढवते. ती तुमच्या पालिकेच्या सूचनाफलकावर किंवा नगररचना विभागात विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी तारीख बहुतेक वेळा भलत्याच शहराची असते.

त्यात तिसरी तारीख मिसळते. अनधिकृत बांधकामांसाठी २०१७ साली प्रशमित संरचनेचे (दंड आकारून मान्य करायच्या बांधकामांचे) नियम आले, त्यांची तारीख ३१ डिसेंबर २०१५ आहे. तो वेगळा मार्ग आहे, त्याचा नमुनाही वेगळा. आणि आता तुकडेबंदीबाबत (ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडून जमीन विकायला असलेल्या बंदीबाबत) २०२५ मध्ये मिळालेल्या सवलतीमुळे ‘सगळं नियमित झालं, आता अर्ज कशाला’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तुकडेबंदीची सवलत जमिनीच्या व्यवहारापुरती असते. त्या जमिनीवरचं घर तिने नियमित होत नाही. कृपा करून या दोन गोष्टी एक समजू नका.

आता पुरावा. घर ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचं आहे हे दाखवायला लोक चालू वर्षाची घरपट्टीची पावती जोडतात. त्या पावतीतून बांधकाम कधीचं हे कळत नाही. लागतो तो आकारणी नोंदवहीचा उतारा, ज्यात पहिली आकारणी कोणत्या वर्षी झाली ते दिसतं. इथे एक खाच आहे. घर २०१७ चं असतं, पण पालिकेचा माणूस मोजमापाला आला २०२१ मध्ये, म्हणून पहिली नोंद २०२१-२२ ची. अशा वेळी लाइटबिल कामी येतं. महावितरणच्या बिलावर ‘पुरवठा दिनांक’ छापलेला असतो. ग्राहक क्रमांकाच्या आसपास बारीक अक्षरांत असल्यामुळे तो कुणी वाचत नाही. ती तारीख ३१ डिसेंबर २०२० च्या आधीची असेल तर ते बिल जपून ठेवा आणि त्या ओळीवर खूण करून जोडा. गाव नंतर शहरात सामील झालं असेल तर ग्रामपंचायतीचा जुना नमुना ८ चा उतारा हाही चांगला पुरावा आहे. ते दप्तर बहुधा पालिकेच्या ताब्यात गेलेलं असतं, तिथे लेखी मागा.

वरचा मजला नंतर चढवला असेल तर तो लपवू नका. उपग्रहाची छायाचित्रं अधिकाऱ्यांनाही दिसतात, आणि स्थळपाहणीला येणारा कनिष्ठ अभियंता मजले मोजतोच. तळमजला पात्र आणि वरचा अपात्र, असं असेल तर नकाशात तसंच स्पष्ट दाखवावं. लपवलेल्या खोलीपायी आख्खा अर्ज फेटाळला जातो आणि मग तळमजल्यासाठीही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

नाव: जो कागद कुणाकडेच नसतो

अर्जाच्या नमुन्यात सरळ लिहिलेलं असतं: ‘मालकी हक्काचा पुरावा’. एका ओळीत मागितलेला हा कागद गुंठेवारीत जवळपास कुणाकडेच धड नसतो. तुकडेबंदीमुळे दुय्यम निबंधक एक-दोन गुंठ्यांचं खरेदीखत नोंदवत नव्हते, म्हणून तर लोक नोटरीकडे गेले. त्याच सरकारचा दुसरा विभाग आता त्याच लोकांकडे नोंदणीकृत खरेदीखत मागतो, आणि ते नाही म्हणून फाइल परत करतो. ही अडवणूक आहे, आणि ती लोकांनी मुकाट्याने सोसली आहे.

तरी मार्ग आहेत, आणि ते तुमच्या कागदांवर ठरतात.

नोंदणीकृत खरेदीखत असेल पण सातबारावर नाव लागलेलं नसेल, तर आधी फेरफार, म्हणजे सातबारावर तुमच्या नावाची नोंद. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. सातबारावर पंधरा-वीस नावं सामाईकात असतील आणि त्यात तुमचं असेल, तर खरेदीखतातल्या चतुःसीमा आणि प्रत्यक्ष भूखंड जुळतो हे दाखवणारा मोजणी नकाशा महत्त्वाचा ठरतो.

फक्त नोटरीचं साठेखत असेल तर परिस्थिती कठीण आहे, हे सांगायलाच हवं. साठेखताने मालकी बदलत नाही. स्थावर मिळकतीचं हस्तांतरण नोंदणीशिवाय पुरं होत नाही. काही पालिका साठेखत, ताबा पावती आणि प्रतिज्ञापत्र यावर अर्ज घेतात, काही घेत नाहीत. शुल्क भरण्याआधी हे लेखी विचारून घ्या. मूळ जमीनमालक हयात असेल आणि संबंध बरे असतील, तर खरेदीखत नोंदवून घेण्याचा प्रयत्न आत्ताच करा. मालक गेला की त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, आणि त्यातल्या एखाद्याला गुंठ्याचा आजचा भाव माहीत असतो.

सातबारा हातात घेतलात की वरच्या भागातली ‘भूधारणा पद्धती’ ही ओळ वाचा. तिथे ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर पुढे चला. ‘वर्ग २’ असेल, म्हणजे जमीन इनाम, वतन, कुळाची किंवा सरकारने अटीवर दिलेली असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा आणि नजराण्याचा (त्यासाठी सरकारला भरायच्या रकमेचा) प्रश्न आधी सोडवावा लागतो. पालिका तो सोडवू शकत नाही. त्यानंतर ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. तुकडेबंदीविरुद्ध व्यवहाराचा शेरा, बँकेचा बोजा, न्यायालयाची मनाई, सगळं तिथे असतं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो. अर्ज भरण्याच्या आधीच तो काढून वाचा. लोक तो अर्जाला जोडण्याच्या दिवशी पहिल्यांदा पाहतात.

वडिलांच्या नावावर भूखंड आणि वडील गेलेले, हे तर दर दुसऱ्या घरात. वारस नोंद झाल्याशिवाय अर्ज करू नका. थोरल्या भावाने एकट्याच्या नावाने अर्ज केला आणि धाकट्या बहिणीने हरकत घेतली की फाइल बाजूला पडते, आणि चूक बहिणीची नसते. कागदांवर नावाची तीन रूपं असतील (आधारवर ‘बाळासाहेब’, साठेखतावर ‘बाळू’, घरपट्टीवर नुसती आद्याक्षरं), तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून जोडा.

आणि घरपट्टीबद्दल पुन्हा एकदा. अनधिकृत घरालाही कर लागतो, वर शास्तीही, म्हणजे अनधिकृत बांधकामाचा दंडही लागू शकतो. शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. वर्षानुवर्षं इमानाने शास्ती भरून ‘आम्ही तर पैसे भरतोय’ म्हणणाऱ्या लोकांना हे सांगताना वाईट वाटतं, पण कायदा तसाच आहे.

जागा कुठे आहे आणि रस्ता किती आहे

सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण या कायद्याखाली नियमित होत नाही. विकास आराखड्यातलं आरक्षण, आराखड्यातला रस्ता, नदीची निळी पूररेषा (जिच्या आत बांधकामाला मनाई असते), वनजमीन यांत भूखंड येत असेल तर अर्ज फेटाळला जाईल. यासाठी नगररचना विभागातून झोन दाखला (जागा आराखड्यात कोणत्या वापराची आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्याचा तेवढ्या भागाचा उतारा) काढून घ्या. वास्तुविशारदाला नकाशे काढायला सांगण्याआधी हे करा. नकाशे, स्थैर्य प्रमाणपत्र, मोजणी यांवर खर्च करून झाल्यावर घर निळ्या रेषेत असल्याचं कळलेली कुटुंबं पाहिली आहेत. त्यांचा तो खर्च परत येत नाही.

रस्त्याचा प्रश्न एकट्याने सुटत नाही. गटातल्या, म्हणजे सातबारावरच्या एकाच गट क्रमांकाच्या जमिनीतल्या एका भूखंडाचा विचार करताना आख्ख्या गटाचं रेखांकन बघावं लागतं: पोहोच रस्ता कुठून, किती रुंद, मोकळी जागा आहे की नाही. तुमच्या घराची पायरी आणि समोरच्याचा ओटा दोन्ही रस्त्यात आलेले असतील तर कागदावरची रुंदी जागेवर मिळत नाही. म्हणून एका गटातल्या लोकांनी एकत्र बसून एकच वास्तुविशारद नेमावा, एकदाच मोजणी करावी आणि अर्ज एकाच वेळी टाकावेत. खर्च वाटला जातो, आणि रस्त्यासाठी कुणी किती मागे सरायचं हे आपसात आधीच ठरतं.

बाकीचं

विहित नमुन्यातला अर्ज, ओळखपत्र, घराचे फोटो, परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने सही केलेले नकाशे, स्थैर्य प्रमाणपत्र, कर थकबाकी नसल्याचा दाखला, हमीपत्र. यात फारसं अडत नाही. थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्ता कराचा उतारा, झोन दाखला, भाग नकाशा या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतात. त्यांची मुदत कार्यालयातल्या फलकावर लावलेली असते. मुदतीत दाखला मिळाला नाही तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा. अपील म्हणजे भांडण असं समजून लोक ते करतच नाहीत आणि महिनोन्‌महिने खिडकीपाशी उभे राहतात.

अर्ज दिला की आवक क्रमांकाची पोच घ्याच. ‘साहेब बाहेर गेलेत, कागद ठेवून जा’ याला अर्ज दिला असं म्हणत नाहीत. त्रुटीचं पत्र आलं तर त्यात उत्तर द्यायचे दिवस लिहिलेले असतात. पत्र साध्या टपालाने येतं, भाडेकरूच्या हातात पडतं, आणि मुदत गेली की ‘अर्जदाराने पूर्तता केली नाही’ म्हणून फाइल बंद होते. म्हणून अर्जावर चालू मोबाइल क्रमांक लिहा आणि अधूनमधून स्वतः चौकशी करा. तोंडी सांगितलेली त्रुटी मानू नका, लेखी मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात फाइलवरच्या टिपण्या मागा. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

शुल्क प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, म्हणून शेजारच्या शहरातला आकडा धरून कर्ज काढू नका. मागणीपत्र हातात आल्यावरच पैसे भरा, ते पालिकेच्या खात्यातच भरा, आणि पावती तुमच्या नावाची घ्या. ‘आख्ख्या कॉलनीचं एकदम करून देतो’ म्हणून घरटी रोख गोळा करणाऱ्याच्या हातात पैसे देऊ नका. मूळ कागद तर कुणाच्याच हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.

प्रमाणपत्र मिळालं की त्याची प्रत लावून कर विभागाकडे लगेच अर्ज द्या, नाहीतर शास्ती पुढच्या बिलातही येत राहते. एक विभाग दुसऱ्याला आपणहून कळवत नाही. पुढे मजला चढवायचा असेल तर नेहमीची बांधकाम परवानगी लागेल. आणि गटातल्या सगळ्यांनी मिळून पालिकेला एक पत्र द्या: आमच्याकडून घेतलेलं विकास शुल्क आमच्या रस्त्यासाठी, पाण्यासाठी आणि गटारासाठी कोणत्या वर्षीच्या अंदाजपत्रकात धरलं आहे, ते लेखी कळवा. त्या पत्रावरही आवक क्रमांक घ्या.