फोर्क आणि वेट

युनिक्स व तत्सम संगणक प्रणालींमध्ये चालू प्रोसेसची (म्हणजे चालत असलेल्या प्रोग्रामची) प्रतिकृती काढून अपत्य-प्रोसेस निर्माण करणारा आणि तिच्या समाप्तीची वाट पाहून निकाल जनक-प्रोसेसच्या हाती देणारा, असे हे अनुक्रमे दोन सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने प्रणालीकडे केलेल्या मागण्या, होत. सी भाषेतील प्रोग्राममध्ये फोर्क एकदा बोलावला जातो, पण परततो दोनदा : अपत्याला ० मिळतो, जनकाला अपत्याचा क्रमांक, निर्मिती फसल्यास जनकाला -१ मिळतो.

‘फोर्क’ ही संज्ञा सामान्यतः मेल्विन कॉनवे यांच्या १९६३ मधील निबंधापर्यंत मागे नेतात; तेथे ती ‘जॉइन’च्या जोडीने येते. युनिक्समधील यंत्रणेचे मूळ मात्र बर्कली विद्यापीठाच्या जिनी या कालविभागणी (एकच संगणक अनेकांना आळीपाळीने वापरू देणाऱ्या) प्रणालीत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण युनिक्सच्या दोन प्रमुख निर्मात्यांपैकी डेनिस रिची यांनी स्वतः तिचाच निर्देश केला आहे आणि दुसरे, केन टॉमसन, हे बर्कलीचेच विद्यार्थी होते. तरीही जिनीत नव्या प्रोसेसला कोणती स्मृती द्यायची हे सांगता येत असे. सरसकट प्रतिकृती काढण्याची रीत युनिक्सची दिसते. युनिक्स प्रथम ज्यावर घडले त्या पीडीपी-७ संगणकावर प्रोसेस डिस्कवर हलवण्याची सोय आधीच असल्याने फोर्क असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळींत बसला, असे रिची नोंदवतात.

वेटचा उगम याहून विलक्षण आहे. आरंभी तो नव्हताच. शेल (वापरकर्त्याच्या आज्ञा घेऊन त्या चालवणारा प्रोग्राम) अपत्याला एक संदेश पाठवून अडून राही; संदेश न वाचताच अपत्य संपले, की ‘अशी प्रोसेस नाही’ ही त्रुटी शेलकडे परते आणि तिलाच समाप्तीची वर्दी मानले जाई.

अपत्य संपले तरी जनकाने वेट किंवा वेटपिड (ठरावीक अपत्याची वाट पाहणारे वेटचे रूप) करेपर्यंत प्रणालीच्या प्रोसेस-सारणीतील त्याची नोंद राहते. तिला झोंबी म्हणतात. जनक आधी संपल्यास पोरके अपत्य सहसा १ क्रमांकाच्या प्रोसेसकडे दत्तक जाते. वेटकडून समाप्ती-संकेताचे शेवटचे ८ बिटच मिळतात, त्यामुळे प्रोसेस संपवणाऱ्या एक्झिटला २५६ दिल्यास जनकाला ० (म्हणजे यशाचा संकेत) दिसतो, म्हणजे अपयशही यश भासू शकते. फोर्कपूर्वी प्रिंटएफ या सीच्या छपाई-फंक्शनने छापलेली ओळ पडद्यावर एकदाच, पण आउटपुट फाइलीत वळवल्यास दोनदा उमटते, हा नवशिक्यांना हमखास चकवणारा प्रकार होय : फाइलीकडे जाणारा मजकूर बफरमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या स्मृतीतील तात्पुरत्या साठ्यात, साठून राहतो, बफरचीही प्रत निघते आणि संपताना दोघेही आपापला बफर रिता करतात.

संपूर्ण स्मृतीची नक्कल टाळण्यासाठी बीएसडी या बर्कलीच्या युनिक्स-आवृत्तीत १९७९ च्या सुमारास व्हीफोर्क हा फोर्कचा प्रकार आला. पुढे जनक किंवा अपत्य स्मृतीच्या एखाद्या पानावर (ठरावीक आकाराच्या तुकड्यावर) लिहू लागेल तेव्हाच त्या पानाची नक्कल काढण्याची पद्धत रूढ झाली.