सीमाभागातल्या मराठी शाळा आणि इंग्रजीचं क्रियापद

बेळगाव-खानापूर पट्ट्यात मराठी माध्यमाचं आठवी-नववीतलं पोर इंग्रजी वाक्यात अडलं, की 'अभ्यास नाही' म्हणून आपण मोकळे होतो. हा त्या पोरावर अन्याय आहे.

१९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. इंग्रजी शिकायचं ते मराठीच्या आधाराने. शब्दार्थासाठी मोल्सवर्थने सुरू केलेला आणि कँडीने १८४७ साली पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश होता. वाक्यरचनेसाठी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. स्वातंत्र्यानंतर खेर सरकारने इंग्रजी आठवीपासून ठेवलं. ते बेळगावला लागू झालं तसंच चंदगडलाही, कारण तेव्हा चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका तेवढा वगळून जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. बोली एक, सोयरीक एक. पाठ्यपुस्तकं मात्र वेगळी झाली. पुढे महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. कर्नाटकच्या सरकारी शाळांत ते २००७ मध्ये आलं, तोवर पाचवीपासून होतं. कोल्हापुरात मिळणारं गाइड इकडच्या धड्यांना लागू पडत नाही, त्यामुळे अडलेल्या शब्दाचा मराठी अर्थ सांगणारं हाताशी कुणी राहिलं नाही.

आणि या मुलांना कन्नडही शिकायची असते. खरं तर तिथे ती फारशी अडत नाहीत. 'मला ताप आलाय' आणि 'ननगे ज्वर बंदिदे', शब्दाला शब्द जुळतो, क्रियापद शेवटी. इंग्रजीत 'आय हॅव ए फीवर' म्हणायला गेलं की 'मला'चा 'मी' होतो, ताप येत नाही तर आपल्याकडे 'असतो', आणि क्रियापद उडी मारून कर्त्याच्या मागोमाग येऊन बसतं. 'ए', 'ॲन', 'द' यांना तर दोन्ही भाषांत जोडच नाही.

त्यात आपण 'आय ॲम ईटिंग'चा अर्थ 'मी जेवत आहे' असा पुस्तकी सांगतो. पोर घरी 'मी जेवायलोय' म्हणतं. तेच वर्गात म्हणावं. नाहीतर त्याला दोनदा भाषांतर करावं लागतं.

मी तापाची तिन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहितो, 'आलाय', 'बंदिदे' आणि 'हॅव' या तिघांखाली रेघ मारतो आणि गप्प उभा राहतो. तिसरी रेघ डावीकडे सरकलीय, हे मागच्या बाकावरून कुणीतरी आधी ओरडून सांगतं.