५६ अंश, ३० मिनिटं: सीरम तापवण्याची पार्श्वभूमी

महापे-रबाळेच्या औद्योगिक पट्ट्यातली छोटी लॅब असो की खारघरचं संशोधन केंद्र, एफबीएसची (पेशी वाढवायला लागणारं, गर्भातल्या वासराच्या रक्तातलं सीरम) नवी बाटली आली की प्रश्न ठरलेला: ‘एचआय (हीट-इनॅक्टिव्हेटेड, म्हणजे तापवून निष्क्रिय केलेलं) आहे, की करून घ्यायचंय?’ मग वॉटर बाथ ५६ अंशांवर, अर्धा तास. कशासाठी, याची उत्तरं मात्र माणसागणिक बदलतात.

५६ हा आकडा पेशीसंवर्धनाहून जुना. तेवढ्या तापमानाला रक्तातलं कॉम्प्लिमेंट (परक्या पेशी फोडणारी प्रथिनं) निकामी होतं, हे एकोणिसाव्या शतकाअखेरीसच कळलं होतं. १९५१ मध्ये हेला पेशी (प्रयोगशाळेत सतत वाढत राहिलेली पहिली मानवी पेशी-लाइन) वाढवल्या तेव्हा माध्यमात कोंबडीचा प्लाझ्मा, वासराच्या गर्भाचा अर्क आणि माणसाच्या नाळेतलं सीरम होतं. त्या दशकात घोड्याचं सीरमही चाले. प्रौढ जनावराच्या सीरममध्ये कॉम्प्लिमेंट भरपूर, म्हणून तापवण्याला अर्थ होता. दशकाच्या शेवटी गर्भातल्या वासराचं सीरम रूढ होऊ लागलं. त्यात कॉम्प्लिमेंट आणि अँटिबॉडी दोन्ही कमी. सीरम बदललं, प्रोटोकॉलमधली ओळ तशीच राहिली.

ती टिकायला मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जीवाणूही कारण झाला. ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून तो निसटतो, त्यामुळे तापवणं ही तेव्हाची खबरदारी. आता उत्पादक ०.१ मायक्रॉनमधून, बहुधा तीनदा, गाळून देतात.

खरा घोळ शब्दाचा. ‘इनॅक्टिव्हेटेड’ वाचून बाटली निर्जंतुक, विषाणूमुक्त समजली जाते. पार्व्होसारखे चिवट विषाणू ५६ अंशांना टिकतात. प्रायॉनला (रोग पसरवणाऱ्या बिघडलेल्या प्रथिनाला) तर काहीच होत नाही. विषाणूंसाठीचं गॅमा विकिरण ही वेगळी प्रक्रिया, लेबलवर वेगळी छापलेली. कॉम्प्लिमेंटवर अवलंबून असलेल्या चाचण्या, रोगप्रतिकार पेशींची काही कामं, काही कीटक-पेशी इथे तापवणं रास्त. नेहमीच्या चिकटून वाढणाऱ्या पेशी-लाइन्सना त्याची बहुधा गरज नसते, उलट वाढघटक थोडे कमीच होतात.

करायचंच तर नीट करावं. ५०० मिलिची बाटली रात्रभर ४ अंशांवर वितळवायची, थेट गरम बाथमध्ये नाही. शेजारी तेवढंच पाणी भरलेली तशीच बाटली, तिच्यात थर्मामीटर. ३० मिनिटं मोजायची ती हे पाणी ५६ ला पोहोचल्यावर. दर दहा मिनिटांनी बाटली फिरवायची, हलवून फेस आणायचा नाही. बाथ ६० अंशांच्या पुढे गेला तर सीरम घट्ट होऊ लागतं. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे बारीक ठिपके हा बहुतेकदा साका असतो. जीवाणू समजून चांगले फ्लास्क फेकले जातात. साका गाळायला गेलं की फिल्टर तुंबतो, सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) काही मिनिटं फिरवणं बरं. पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावर टेम्पो अडकून कोरडा बर्फ उडून गेला आणि अर्धवट वितळलेली बाटली पुन्हा गोठवली, तर साका आणखी वाढतो.

१९८६ मध्ये ब्रिटनमध्ये बीएसई (प्रायॉनमुळे होणारा ‘मॅड काऊ’ रोग) ओळखला गेला, तेव्हापासून भाव ठरवतं ते उगमाचं ठिकाण. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं सीरम महाग ते मुख्यतः तिथे प्राण्यांमधल्या रोगाचा धोका कमी म्हणून, पेशी जास्त वाढतात म्हणून नव्हे. तरी खरेदीच्या कागदांवर ‘उच्च प्रत’ असंच लिहिलेलं असतं. लॉट (एकाच वेळी तयार झालेली खेप) राखून ठेवण्याआधी दोन-तीन नमुन्यांवर स्वतःच्या पेशी वाढवून पाहताना एक पथ्य पाळावं: तापवलेला नमुना न तापवलेल्याशी ताडून पाहू नये. फरक लॉटचा की उष्णतेचा, ते मग सांगता येत नाही.