क्लच दाबल्यावर आवाज थांबतो का?

दुसरा गिअर टाकताना ‘खर्रर्र’ झालं की मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतंच, “गिअरचे दात गेले वाटते भाऊ.” पण गिअरचे मोठे दात त्या वेळी एकमेकांत आधीपासूनच गुंतलेले असतात. आजच्या मोटारींत पुढे जायच्या सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या राहतात, अगदी न्यूट्रलमध्येसुद्धा. प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या शाफ्टवर (दांड्यावर) मोकळं फिरत असतं, एवढंच. लिव्हर ढकलला की स्लीव्ह नावाचं एक कडं सरकतं आणि त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी कुलूप घालतं. या कुलपाचे दात बारीक आणि टोकदार असतात. त्यांना डॉग टीथ म्हणतात आणि खरखरतात ते हेच.

कुलूप बसायचं तर कडं आणि चाक एकाच वेगाने फिरायला हवेत. ते काम एका पितळी रिंगेकडे असतं. ही सिंक्रो रिंग आतून निमुळती असते आणि तिच्यावर दोऱ्यासारख्या बारीक खाचा असतात. लिव्हरचा दाब आला की ती चाकाच्या तशाच निमुळत्या पोलादी खांद्यावर चढते, खाचा तिथलं तेल पुसून काढतात आणि पितळ-पोलादाच्या घर्षणाने वेग जुळतो. जुळेपर्यंत रिंग कड्याला पुढे सरकू देत नाही. सगळं मिळून अर्ध्या सेकंदाचं काम. ही सिंक्रोमेश रचना अर्ल थॉम्पसन या अमेरिकी अभियंत्याची. १९२८ साली ती कॅडिलॅक मोटारीतून बाजारात आली. त्याआधी चालक क्लच दोनदा दाबून, मध्ये रेस देऊन, कानाने वेग जुळवत. आपल्याकडच्या कित्येक जुन्या ट्रॅक्टरांत सिंक्रो नाहीच, म्हणून ते उभे करूनच गिअर बदलतात. ट्रॅक्टरवर बसलेला हात मोटारीच्या लिव्हरला तसाच झटका देत असेल, तर रिंगेला तो अर्धा सेकंदही मिळत नाही.

खरखर बहुधा दुसऱ्या गिअरलाच का सुरू होते, ते साध्या हिशेबाने कळतं. पहिल्या गिअरचं प्रमाण (बाहेरच्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे) ३.५ आणि दुसऱ्याचं १.९ धरा. पहिल्यात इंजिन मिनिटाला ३५०० फेरे घेत असताना दुसरा टाकला, तर गाडीच्या त्याच वेगाला आता १९०० फेरेच लागतात. म्हणजे क्लच प्लेट आणि तिच्याकडून गिअरबॉक्समध्ये फिरकी आणणारा टॉप शाफ्ट यांना १६०० फेऱ्यांनी आवरायचं. तिसऱ्याचं प्रमाण १.३ आणि चौथ्याचं ०.९५ धरलं, तर २६०० फेऱ्यांवर तिसऱ्यातून चौथ्यात जाताना फरक उरतो फक्त ७०० चा. दुसऱ्या गिअरच्या रिंगेवर रोजच दुपटीहून जास्त भार पडतो.

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. रिंग आवरते ती क्लच प्लेटला. इंजिनाला आवरणं तिच्या आवाक्यात नाही. पेडल तळापर्यंत दाबूनही प्लेट इंजिनाच्या जड चाकापासून, म्हणजे फ्लायव्हीलपासून, पुरती सुटत नसेल, तर ती नाजूक पितळी रिंग प्रत्येक वेळी चालत्या इंजिनाशी कुस्ती खेळते आणि काही महिन्यांत हरते. म्हणून “गिअरबॉक्स खोला लागते” असं कुणी म्हटलं, तरी आधी क्लच निर्दोष ठरवून घ्यावा. तो तपासायला घरच्या अंगणातली दहा मिनिटं पुरतात.

गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकांखाली विटा लावा, एसी-पंखा-रेडिओ बंद, काचा खाली. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करा आणि पाय क्लचवरून पूर्ण काढा. या स्थितीत इंजिनाबरोबर टॉप शाफ्ट फिरतो, त्याचं बेअरिंग फिरतं, आणि बोलेरोसारख्या मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत खालचा, टॉप शाफ्टवरून फिरणारा ले-शाफ्टही फिरतो. आता पेडल हळूहळू तळापर्यंत दाबा. हे सगळं थांबतं आणि काम सुरू होतं रिलीज बेअरिंगचं, कारण क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटं आता ते दाबून धरतं.

पाय काढलेला असताना घरघर आणि दाबल्यावर शांतता, तर संशय टॉप शाफ्टच्या किंवा ले-शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट, पेडल दाबायला लागताच सिर्रर्र किंवा किंचाळ्यासारखा आवाज आला आणि सोडल्यावर गेला, तर रिलीज बेअरिंग कोरडं पडलंय. त्यातलं ग्रीस कारखान्यातच भरून बंद केलेलं असतं. बाहेरून तेल सोडायच्या नादात ते क्लच प्लेटवर गेलं की प्लेट घसरायला लागते. एक चकवाही आहे. पाय काढल्यावर घरघर न येता मंद टकटक येत असेल आणि रेस किंचित वाढवली की ती जात असेल, तर बेअरिंग ठीक असू शकतं. इंजिनाचे हिसके जिरवायला क्लच प्लेटमध्ये स्प्रिंगा असतात. त्या सैल झाल्या की मोकळी चाकं एकमेकांवर आपटतात. डिझेल आणि तीन सिलिंडरच्या इंजिनांत हे जास्त ऐकू येतं. त्रासदायक आहे, पण घाईचं नाही.

दुसरी चाचणी रिव्हर्सची. बहुतेक छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे थेट दात दातांत शिरतात. पेडल तळाला दाबा, मनात पाच आकडे मोजा, मग अलगद रिव्हर्स टाका. लगेच टाकल्यावर कर्र होत असेल आणि पाच मोजल्यावर होत नसेल, तर दोष नाही. आतल्या चाकांना थांबायला तेवढा वेळ लागतोच. पाच मोजूनही कर्र झाली, पहिला गिअरही अडून बसला आणि इंजिन बंद केल्यावर तेच गिअर लोण्यासारखे पडले, तर क्लच सुटत नाहीये. पडताळा हवा असेल तर समोर मोकळी जागा पाहा, पुढे कुणी उभं नाही याची खात्री करा, विटा आणि हँडब्रेक काढा, पेडल पूर्ण दाबून पहिला गिअर टाका आणि थोडी रेस द्या. गाडी पुढे सरकू पाहते का? मग शंका उरत नाही.

क्लच सुटत नसेल तर आधी स्वस्त कारणं पाहावीत. केबलच्या गाडीत पेडल हाताने दाबून, विरोध जाणवेपर्यंतचं मोकळं अंतर पट्टीने मोजा. अशा छोट्या गाड्यांत ते साधारण १५ ते २५ मिलिमीटर असतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. अंतर जास्त असेल तर प्लेट पुरती सुटत नाही. अजिबात नसेल तर प्लेट घसरते आणि रिलीज बेअरिंगला क्षणाचीही विश्रांती मिळत नाही. हायड्रॉलिक क्लच असेल तर पेडल चारपाच वेळा भराभर दाबून मग गिअर टाकून पाहा. आता सहज पडला तर नळीत हवा शिरलीय किंवा सिलिंडरचं रबर गेलंय. पांदणीवरून रोज जाणाऱ्या गाडीत आणखी एक जागा बघावी: क्लच फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा दांडा) जिथून बाहेर येतो तिथलं रबरी बूट. ते फाटलेलं असेल तर काळी माती आत जाते. ओली असताना ती चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते, मग फोर्क पूर्ण मागे-पुढे होत नाही. पावसाळाभर एका जागी उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावर एकही गिअर घेत नसेल, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली असण्याचा संभव मोठा.

क्लच ठीक निघाला तर रस्त्यावर जा. खरखर एकाच गिअरला येते की सगळ्यांना? एकालाच असेल तर त्या गिअरची रिंग. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना न्यूट्रलवर क्षणभर क्लच सोडून थोडी रेस द्या, पुन्हा दाबून दुसरा टाका. असा डबल क्लच केल्यावर खरखर गेली तर रिंगेवरचा संशय पक्का होतो, आणि दुरुस्तीपर्यंत गाडी चालवायची रीतही सापडते. गिअरबॉक्स उघडल्यावर रिंग हाताने चाकावर दाबून मधली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायला सांगा. बऱ्याच छोट्या गाड्यांत नव्या रिंगेला ती एक मिलिमीटरच्या आसपास असते आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की रिंग बदलायची. नुसती रिंग बदलून डॉग टीथची टोकं बोथटच ठेवली, तर खरखर लवकरच परत येते.

गिअर पडल्यानंतर चालत्या गाडीत येणाऱ्या आवाजाची गोष्ट वेगळी. तिथे स्वर ऐकायचा. चाकाला २० दात आहेत आणि ते मिनिटाला ३००० म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेतंय, तर दात सेकंदाला १००० वेळा भिडतात आणि शिट्टीसारखा स्वर निघतो. तेच चाक एका दाताने तुटकं असेल तर फेऱ्याला एकच ठोका. रेस सोडल्यावर स्वर बदलतो का, हेही ऐकावं, कारण तेव्हा दातांची दुसरी बाजू भार घेते. रिव्हर्समध्ये गाडी रडते ते मात्र तिच्या स्वभावात आहे. पुढच्या गिअरचे दात तिरपे कापलेले असतात, त्यामुळे एक सुटायच्या आत दुसरा हळूच भिडतो. रिव्हर्सचे दात सहसा सरळ असतात आणि एकदम आपटतात.

बोलेरो, सुमो अशा गाड्यांच्या पाच गिअरच्या रचनेत चौथा गिअर बहुधा थेट असतो. टॉप शाफ्ट आणि चाकांकडे फिरकी नेणारा मेन शाफ्ट एकमेकांना जोडले जातात आणि ले-शाफ्टवरचा भार उतरतो. बाकी गिअरमध्ये घरघर आणि चौथ्यात शांत, तर दोष ले-शाफ्टच्या बेअरिंगचा. अल्टो, वॅगनआरसारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत थेट गिअर नसतो, तिथे ही युक्ती लागू नाही. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी आणि न्यूट्रलमध्ये घरंगळतानाही तशीच राहणारी घरघर डिफरन्शियलची किंवा चाकाच्या बेअरिंगची. वळणावर ती कमी-जास्त झाली तर चाकाचं बेअरिंग. रेस देता-सोडताना एकच ‘ठक्’ आला तर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याच्या जॉइंटचे क्रॉस आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग (त्याला धरणारे रबरी आधार) हलवून पाहावेत. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना दुसरा गिअर आपोआप सुटत असेल, तर हात लिव्हरवर दाबून गाडी खाली आणणं धोक्याचं. डॉग टीथ झिजलेत किंवा माउंटिंग बसलंय, आणि गिअर सुटला की इंजिनाचा ब्रेक त्याच क्षणी जातो.

विदर्भातल्या गाड्यांत बेअरिंग लवकर जाण्याचं एक कारण नाल्यात आहे. गाडी तासभर चालली की गिअरबॉक्स चांगला तापतो, आतली हवा फुगते आणि ब्रीदर नावाच्या छोट्या तोंडातून थोडी बाहेर जाते. तशीच गाडी गुडघाभर पाण्याच्या पुलावर घातली की गिअरबॉक्स एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, झिजल्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. त्या दिवशी काहीच कळत नाही. पाणी बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके पाडत राहतं आणि कपाशी वेचायच्या दिवसांत घरघर सुरू होते. त्यामुळे चाकाचा मध्य बुडेल इतक्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर त्याच आठवड्यात तेल पाहावं. रात्रभर उभ्या गाडीचा खालचा बोल्ट सकाळी अर्धा फेरा सैल केला की आधी पाणी येतं, कारण ते तेलापेक्षा जड. तेल दुधट चहासारखं दिसलं तर पाणी त्यात घुसळलं गेलंय. सगळं काढून टाका, नवं भरून थोडी गाडी चालवा, परत दुधट झालं तर पुन्हा बदला.

इंजिन ऑइल सगळे बदलतात, गिअरबॉक्सच्या तेलाला वर्षानुवर्षं हात लागत नाही. आणि लागतो तेव्हा ट्रॅक्टरसाठी आणलेलं नव्वद नंबर किंवा एकशेचाळीस नंबर ओतलं जातं. ते थंडीत इतकं घट्ट होतं की रिंगेच्या खाचांना पुसून काढता येत नाही, म्हणून डिसेंबरच्या सकाळी पहिली दहा मिनिटं गिअर अडतात. डब्यावर जीएल-४ की जीएल-५ लिहिलंय तेही वाचावं. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. मागच्या अॅक्सलसाठी ती उत्तम, पण सिंक्रोच्या पितळेला काही तेलांतली ही रसायनं खातात आणि निसरडेपणामुळे रिंगेची पकडही सुटते. पुस्तिकेत ७५डब्ल्यू-९० जीएल-४ लिहिलं असेल तर तेच घ्या. छोट्या मोटारीला दोन-अडीच लिटरच्या आसपास लागतं.

तेल काढताना आधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो की नाही हे बघा. तो गंजून बसला असेल आणि खालचा आधी उघडला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी तिथेच उभी राहील. खालच्या बोल्टला बहुधा चुंबक असतं. त्यावर राखाडी, मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण म्हणजे दात किंवा बेअरिंग. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून काढलेलं तेल पांढऱ्या थाळीत उन्हात धरा. सोनेरी चमक दिसली तर रिंगा झिजताहेत. घरघर नक्की झाली आणि गिअरबॉक्स उतरवायचाच ठरला, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनाचं मागचं ऑइल सील त्याच वेळी पाहून घ्यावं, उतरवायची मजुरी दोनदा लागत नाही. नवं तेल भरताना गाडी सपाट जागी हवी. भरायच्या भोकाच्या खालच्या काठावरून तेल थेंबथेंब ओघळायला लागलं की थांबा आणि बोल्ट आवळा.