घरातली वायफाय रेंज (कोल्हापूर)

राऊटर चालू असतो, बिल भरलेलं असतं, तरी मागच्या खोलीत नाहीतर माडीवर व्हिडिओ अडकत राहतो आणि फोनवर एकच काडी दिसते, ही अडचण म्हणजे वायफायची रेंज कमी पडणं. पेठेतल्या जुन्या घरात तिची कारणं वेगळी, ताराबाई पार्क किंवा राजारामपुरीच्या अपार्टमेंटमध्ये वेगळी, पण दोन्हीकडं दोष बहुतेक वेळा राऊटरचा नसतो, त्याच्या जागेचा असतो.

ती जागा कशी ठरते ते बघण्यासारखं आहे. फायबर जोडणारा माणूस खांबावरनं वायर ओढतो, गॅलरीतनं किंवा खिडकीच्या कोपऱ्यातनं आत घेतो आणि पहिला प्लग पॉइंट दिसेल तिथं डबा ठोकून मोकळा होतो, त्याचंही बरोबर आहे म्हणा, त्याला दिवसात अजून चार घरं करायची असतात. मग हा डबा पुढच्या सोप्यात टीव्हीच्या मागं, शोकेसच्या आरशाला टेकून बसतो, निम्मी रेंज रस्त्यावर जाते आणि स्वयंपाकघरात काहीच पोचत नाही.

वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ च्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर, ५ ची जवळपास ६. लांब लहर भिंतीतनं जास्त आत जाते पण स्पीड कमी देते, ५ वाली जवळ बसलेल्याला भरपूर स्पीड देते आणि दोन भिंतींत दम तोडते. धातूवरनं लहर उलटी फिरते, पाणी ती शोषून घेतं, म्हणून लोखंडी कपाट, फ्रिज, आरसा, पाण्याचं पिंप आणि सळईचा स्लॅब हे घरातले खरे शत्रू. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती तर वेगळंच प्रकरण आहे, पुढच्या सोप्यातला राऊटर मधल्या सोप्यापर्यंत कसाबसा येतो आणि परड्याकडच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचं नाव पण दिसत नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल धरली की त्यात अजून भर.

काही विकत घ्यायच्या आधी तपासणी करावी. लॅपटॉप लॅन केबलनं थेट राऊटरला जोडून स्पीड बघायचा, तिथंच कमी येत असेल तर भानगड लाइनमध्ये आहे आणि घरात कितीही डबे लावले तरी फरक पडणार नाही. डब्यावर एलओएसचा (लाइनचा सिग्नल गेल्याचा) लाल दिवा असेल तर फायबर तुटलंय किंवा फार वाकलंय, कपाटामागं दाबलेली पिवळी पॅच कॉर्ड (डब्यात जाणारी फायबरची बारीक वायर) हे त्याचं नेहमीचं कारण. केबलवर स्पीड बरोबर आला की मग फोनवर वायफाय अ‍ॅनालायझरसारखं फुकटचं अ‍ॅप घेऊन खोलीखोलीत फिरायचं. आकडा उणे डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप) दिसतो, उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या खाली गेलं की कटकट सुरू. दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते, म्हणून १० चा फरक दिसायला छोटा पण प्रत्यक्षात दहापट असतो.

पहिला आणि फुकटचा उपाय म्हणजे राऊटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवणं. त्यासाठी फायबर हलवायलाच पाहिजे असं नाही, फायबर जोडलेला मूळ डबा आहे तिथं राहू दे, त्याच्यापासनं लॅन केबल आत न्यायची आणि वायफायचा राऊटर आतल्या खोलीत लावायचा. काडीसारख्या अँटेनाची लहर मेदूवड्याच्या आकारात आडवी पसरते, अँटेना त्या भोकातनं उभी, त्यामुळं माडीवर रेंज पाहिजे असेल तर एखादी अँटेना आडवी करून बघावी. अँटेनामागं अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावायची आयडिया एका बाजूची रेंज थोडी वाढवते आणि दुसऱ्या बाजूची मारते, आणि दिसतं लई वाईट. जास्त ताकदीचा राऊटर आणून पण फार काही होत नाही, कारण राऊटरचं फोनला ऐकू आलं तरी फोनचं उत्तर परत पोचायला पाहिजे आणि फोनची ताकद तेवढीच राहते.

भिंतीला भिंत लागलेल्या गल्लीत शेजाऱ्यांचीच गर्दी होते. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल (पट्ट्यातले कप्पे) तीनच, १, ६ आणि ११, त्यातला कमी भरलेला निवडून रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. मायक्रोवेव्ह पण ह्याच पट्ट्यात चालतो, त्यामुळं पापड भाजताना नेट अडकणं हा योगायोग नसतो.

एवढं करून भागलं नाही तर दुसरं यंत्र लागतं. दुकानात सगळ्यात आधी रिपीटर (राऊटरची रेंज पकडून पुढं फेकणारा डबा) पुढं केला जातो, स्वस्त आहे म्हणून लोक घेतात आणि जिथं रेंज नाही तिथंच लावतात, तिथं त्याला तरी काय मिळणार? तो राऊटर आणि मेलेली खोली यांच्या मधे, चांगली रेंज असेल तिथं लावायचा असतो, शिवाय एकाच रेडिओवर घेणं-देणं दोन्ही करणाऱ्या रिपीटरचा स्पीड साधारण निम्मा होतो. मेश (आपसात जोडलेले, एकाच नावाचं वायफाय देणारे दोन-तीन डबे) त्यापेक्षा बरा, पण जाड भिंतीत मेशच्या डब्यांनासुद्धा एकमेकांची रेंज लागतेच. म्हणून जुन्या घरात खरा इलाज केबलच. कॅट ६ ची लॅन वायर १०० मीटरपर्यंत चालते आणि टीव्हीच्या केबलसाठी पाडलेलं भोक बहुतेक घरात असतंच. आठही तारा नीट बसल्या तर १००० एमबीपीएस मिळतं, त्यातली एखादी सुटली की स्पीड गपकन १०० वर येऊ शकतो आणि दोष राऊटरला दिला जातो. त्या वायरीच्या टोकाला माळ्यावर पडलेला जुना राऊटर पण चालतो, त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बदलायचा, डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम) बंद करायचं, वायर लॅन पोर्टमध्येच घालायची, नाव-पासवर्ड पहिल्या राऊटरचाच ठेवायचा आणि चॅनेल तेवढा वेगळा.

उचगाव, फुलेवाडीकडं घरामागं गोठा किंवा शेड असते आणि तिथल्या कॅमेऱ्यासाठी नेट लागतं. मधे आडोसा नसेल तर दोन टोकांना दिशा धरणारे आउटडोअर डबे समोरासमोर लावता येतात. वायरच न्यायची असेल तर उघड्यावरनं लॅनची तांब्याची वायर नेऊ नये, वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की दोन्हीकडचे पोर्ट जळतात. तिथं फायबर टाकावं, काचेतनं वीज जात नाही, फक्त आधाराला लोखंडी तार नसलेली केबल मागून घ्यायची.